रस्ता आधी चालणाऱ्याचा

वाडीतल्या रस्त्यावर गाडी किती वेगाने हाकावी, असे सिंधुदुर्गातल्या इन्सुली गावात कुणालाही विचारा. उत्तर मिळेल, "बघान चलवूक व्हयी." बघून म्हणजे नेमक्या किती वेगाने, हे गावाने कधी ठरवलेले नाही. सरकारने ठरवले आहे, पण तो आकडा ऐकून चालणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत रस्त्यांचे चार वर्ग केले आहेत: द्रुतगती मार्ग, दुभाजक असलेला चौपदरी किंवा त्याहून मोठा रस्ता, नगरपालिका हद्दीतला रस्ता आणि 'इतर रस्ते'. कुडवटेंबापासून खामदेव नाक्यापर्यंत गावात जेवढे आतले रस्ते आहेत, ते सगळे या शेवटच्या वर्गात मोडतात. तिथे मोटारीला ताशी ७० किलोमीटर, दुचाकीला ६०, मालवाहू गाडीला ६० आणि रिक्षाला ५० अशी कमाल मर्यादा आहे. स्थानिक पातळीवर वेगळी मर्यादा अधिसूचित झालेली नसेल, तर तुळशीवृंदावनापासून चार पावलांवरून जाणाऱ्या रस्त्यावर मोटारवाल्याने काटा सत्तरला नेला तरी वेगमर्यादा मोडल्याचा ठपका त्याच्यावर येत नाही. बेदरकार वाहन चालवल्याचे कलम वेगळे आहे, पण ते बहुतेक वेळा कुणीतरी रस्त्यावर आडवे पडल्यावरच आठवते.

हा आकडा दिल्लीत ठरला. तो ठरवणाऱ्यांनी आपल्या वाडीतले वळण पाहिलेले नाही आणि ते त्यांचे कामही नव्हे. त्यांनी देशभरासाठी वरची कड आखून दिली. तिच्या आत आपापली रेघ ओढण्याची सोय कायद्यातच ठेवली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे, लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे गरज असेल, तर राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागात, एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा लावू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि जागेवर फलक लावावा लागतो. ही सोय छत्तीस-सदतीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात आहे. आपल्यापैकी किती गावांनी ती मागितली? आपण मागतो तो गतिरोधक, आणि तोही कुणी गेल्यावर.

इन्सुलीसाठी हा प्रश्न इतर गावांपेक्षा जास्त जवळचा आहे, कारण या गावाच्या अंगावरून दोन काळांचे दोन रस्ते गेले आहेत. सावंतवाडीहून घाट उतरून बांद्याकडे जाणारा जुना मुंबई-गोवा रस्ता इन्सुली घाटातून येतो. दुसरीकडे झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी महामार्ग. त्या चौपदरीवर मोटारीला कायद्याने १०० पर्यंत मुभा आहे. बांदा ओलांडले की पत्रादेवी आणि पुढे गोवा. या पट्ट्यातली तरुण पोरे रोज सकाळी दुचाकीला किक मारून म्हापशाला, थिवीला, मोप विमानतळाकडे कामाला जातात आणि काळोख पडताना परततात. पाऊण तास सत्तर-ऐंशीच्या वेगाने आलेला माणूस महामार्ग सोडून गावच्या फाट्याला वळतो, तेव्हा त्याला पन्नासचा वेग रांगल्यासारखा वाटतो. हा मेंदूचा धर्म आहे. बराच वेळ वेगात राहिले की डोळ्यांना आणि कानांना त्याची सवय होते आणि मग स्वतःच्या वेगाचा अंदाज खाली चुकतो. अशा वेळी "बघून चालव" हा सल्ला कुचकामी ठरतो, कारण बघणाराच फसलेला असतो. त्याला आकडा हवा, आणि तो फाट्यावर, वळतानाच डोळ्यांसमोर हवा.

आता तो ज्या रस्त्यावर वळला तो रस्ता पाहा. डांबर तीन-साडेतीन मीटरांचे. दोन्ही कडांची साइडपट्टी पावसाने खाल्लेली. एका बाजूला जांभ्याचा गडगा, त्यावर शेवाळ. दुसऱ्या बाजूला घाणेरी आणि टाकळा इतका माजलेला की वळणापलीकडचे माणूस दिसत नाही. पादचाऱ्यासाठी वेगळी जागा नाही, म्हणून तो डांबरावरच चालतो. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई मागून गाडी आली तरी मान वळवून पाहू शकत नाही; भारा घसरेल. ती फक्त कानांवर चालते. पावसात शाळेतून येणारे पोर छत्री वाऱ्याच्या दिशेला झुकवते. समोरचे त्याला दिसत नाही आणि छत्रीवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. गुरे संध्याकाळी कोरड्या, उबदार डांबरावर बसतात. या सगळ्यांना रस्त्याचा नियम शिकवा, असे सांगणारे आहेत. पण भारा, छत्री आणि गुरे यांच्यासह जो रस्ता आहे, तोच आपला रस्ता. त्याला साजेल असा वेग ठरवणे हे गाडीवाल्याचे काम आहे; भारेवालीने गाडीला साजेल असे चालायला शिकावे ही अपेक्षा उफराटी आहे.

किती वेग साजेल, याचे गणित कठीण नाही. धोका दिसल्यावर ब्रेकवर पाय पडायला साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० च्या वेगात गाडी त्या एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० वर असलेली गाडी, कोरड्या रस्त्यावर, तेवढ्याच अंतरात ब्रेक लागून पूर्ण थांबलेली असते. म्हणजे वळणावर तेरा-चौदा मीटरवर पोर दिसले, तर तिसातला माणूस त्याच्यापाशी थांबतो, आणि पन्नासातल्या माणसाचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नसतो; त्याची गाडी सगळ्या वेगानिशी धडकते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पिणाऱ्या सावंतवाडी तालुक्यात चार महिने रस्ता ओला असतो, तेव्हा हे अंतर आणखी वाढते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ६० ने बसलेली धडक ही सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून खाली पडण्यासारखी असते. ३० ने बसलेली धडक साडेतीन मीटरवरून, पडवीच्या कौलांवरून पडण्यासारखी. पडवीवरून पडलेला हातपाय मोडून का होईना, घरी परततो. माडावरून पडलेल्यांच्या गोष्टी आपल्या गावांना ठाऊक आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने हेच आकड्यांत सांगितले आहे. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, आणि मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ५० वरून ६५ वर जाताना साडेचार पटींनी चढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जागतिक मंत्रिपरिषद झाली. जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असे तिच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण सरकारी अहवालात अतिवेग असे नोंदले आहे. आणि मेलेल्यांत मोठा वाटा शहरांचा नव्हता, ग्रामीण भागाचा होता.

आकडे सांगून माणूस बदलत नाही, हे मला मान्य आहे. आकड्यांच्या आड आपल्या काही समजुती ठाण मांडून बसल्या आहेत. त्यांच्याशी दोन हात केल्याशिवाय फलक उभारून उपयोग नाही.

पहिली समजूत प्राक्तनाची. वळणावर कुणी गेले की तेराव्याच्या जेवणाच्या पंक्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "तेचा आयुष्यच तेवढा होता." मग त्याच्यापुढचे, "तो जागोच वायट आसा." कोकणात घाटाघाटांत, वळणावळणांवर घुमट्या आहेत, अगरबत्त्या आहेत, फोडलेल्या नारळांच्या करवंट्या आहेत. तिथे देवचार आहे, चाळा आहे, त्याला मान द्यायचा राहिला म्हणून तो माणूस नेतो, असे शिकलेली माणसेही हळू आवाजात सांगतात. श्रद्धेला मी हात लावत नाही. नारळ जरूर फोडावा. पण ज्या वळणाला माणसे मरतात त्या वळणावर एकदा पायी उभे राहावे, समोरून येणारी गाडी किती अंतरावर दिसते ते पावलांनी मोजावे, आणि त्या अंतरात गाडी थांबायला वेग किती असायला हवा हे घरातल्या दहावीच्या पोराकडून काढून घ्यावे. वीस मीटरवर गाडी दिसत असेल आणि लोक साठने येत असतील, तर तिथे माणूस मरण्यासाठी कुठल्याही चाळ्याची गरज नाही. आणि दैवावर घातलेले ओझे सोयीचे असते, कारण मग कुणालाच काही बदलावे लागत नाही. देवचार वळणावर राहतो आणि गाडी पूर्वीच्याच वेगाने धावत राहते.

दुसरी समजूत बाहेरच्यांची. गावात धडाधड गाड्या हाकतात ते बाहेरचे, गोव्याला मजा मारायला जाणारे, नाहीतर डंपरवाले. महामार्गावर हे बरेचसे खरे आहे. पण आतल्या रस्त्यावर बाहेरचा माणूस येतोच कशाला? तिथे येतो तो आपला भाचा, शेजाऱ्याचा मुलगा, दूध घालणारा, चतुर्थीला नवी गाडी घेऊन आलेला चाकरमानी, भाडे घेऊन आलेला आपलाच रिक्षावाला. तो सुसाट गेला की पडवीत बसलेले आजोबा शिवी हासडतात आणि लगेच म्हणतात, "आपलोच झील तो, तेका काय सांगतलस?" नेमके हेच दुखणे आहे. परक्याला आपण अडवू, त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेऊ, वेळ पडली तर रस्त्यात ओंडका टाकू. आपल्या माणसाला मात्र टोकायला जीभ धजत नाही; उगाच घरोब्यात वितुष्ट नको. आपल्या माणसाच्या हातून आपलेच माणूस जाते, तेव्हा दोन घरे एकाच वाडीत राहून जन्मभर एकमेकांची तोंडे चुकवतात. ते वितुष्ट परवडते का?

तिसरी समजूत चांगल्या रस्त्याची. "रस्तो केल्यानी तो धावूकच मां?" खड्डे होते तोवर वेग आपोआप कमी होता. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली, वाड्यावाड्यांत डांबर पोचले, आजारी माणसाला डोलीतून न्यायचे दिवस संपले. हे मोठे काम झाले. पण आपण त्या डांबराचा अर्थ असा घेतला की गाडी जाईल तेवढी न्यावी. रस्ता झाला तो दारापर्यंत पोचण्यासाठी. दारापर्यंत पोचायला वेग लागत नाही, वाट लागते. हिशेब घाला: महामार्गाच्या फाट्यापासून घर दोन किलोमीटर असेल, तर ताशी ६० ने दोन मिनिटे लागतात आणि ३० ने चार. तीही कागदावर, कारण वळणे, गुरे आणि समोरून आलेली एसटी यांमुळे साठचा वेग सलग कुणालाच मिळत नाही. या दीडदोन मिनिटांसाठी आपण शेजाऱ्याचे पोर पणाला लावतो. तीच मिनिटे मग नाक्यावर गाडी बंद करून गप्पांत घालवतो, ती वेगळी.

आणि वेगाची किंमत मोजायला अपघातच व्हावा लागतो असेही नाही. ती रोज मोजली जाते, फक्त मोजणारी माणसे बोलत नाहीत. सातवीतल्या मुलीला सायकल घेऊन दिलेली असते, पण रस्त्यावर न्यायची नाही अशी ताकीद असते. संध्याकाळी देवळात जाणारी आजी, चालवत नाही म्हणून नव्हे, गाड्यांच्या भीतीने जायची बंद होते. पोरे रस्त्यात खेळायची, आता अंगणात मोबाइल घेऊन बसतात आणि आपण मोबाइलला दोष देतो. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६९ च्या सुमारास डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या घरांची पाहणी केली. फरक होता तो रस्त्यावरच्या वाहतुकीचा. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरल्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. भरधाव, दाट वाहतुकीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. दाट रस्त्यावरची माणसे समोरच्या घराशी संबंध ठेवेनाशी झाली होती. हा ॲपलयार्ड पुढे १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीखालीच गेला. आपल्या वाड्या अजून तेवढ्या तुटलेल्या नाहीत. पण रस्त्यापलीकडच्या घरात वाटीभर आमटी घेऊन पोराला एकटे पाठवायला आई कचरू लागली, की ते तुटणे सुरू झाले असे समजावे.

इथे प्रश्न फक्त सुरक्षिततेचा राहत नाही, न्यायाचा होतो. वाडीतल्या रस्त्यावर चालते कोण? मुले, म्हातारी माणसे, बायका आणि ज्यांना गाडी परवडत नाही ते. गाडी हाकते कोण? बहुतेक वेळा कमावता पुरुष. ग्रामसभेत बोलते कोण? पुन्हा तोच. म्हणजे ज्याच्या हाती चावी त्याच्याच तोंडी रस्त्याचा नियम, आणि ज्याचा जीव धोक्यात त्याला मत नाही. आपल्या समाजसुधारकांनी विहिरीचा, देवळाचा, शाळेचा प्रश्न याच नजरेने पाहिला: सार्वजनिक जागा कुणाची? बळकटाची की सर्वांची? रस्ता ही गावातली सर्वांत मोठी सार्वजनिक जागा आहे. तिच्यावर पहिला हक्क सर्वांत दुबळ्याचा, असे मानणारा गाव सुधारलेला म्हणावा. दारात किती चारचाकी उभ्या आहेत यावर ते ठरत नाही.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. चतुर्थीला पाहा. गणपतीच्या शाळेतून मूर्ती पाटावर घेऊन, डोक्यावर धरून माणसे वाडीच्या रस्त्याने चालत येतात. समोरून गाडी आली तर काय होते? चालक इंजिन बंद करतो, काच खाली घेतो, हात जोडतो. मागून येणारा हॉर्न वाजवत नाही. कुणी फलक लावलेला नसतो, पोलीस उभा नसतो, दंडाची पावती नसते. दसऱ्याला देवाची तरंगे बाहेर पडली की सगळा गाव त्या पावलांच्या चालीने चालतो. याचा अर्थ ब्रेक लावायची अक्कल आपल्याकडे आहे. ती कुणासाठी वापरायची एवढेच ठरायचे आहे. गाऱ्हाण्याला उभे राहून आपण देवाकडे मागतो की गावच्या पोराबाळांचे रक्षण कर, आणि सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतो. त्याच संध्याकाळी चौदा वर्षांच्या पोराच्या हातात दुकानातून साखर आणायला स्कूटरची चावी देतो. देवाने रक्षण तरी कुणाकुणाचे करावे?

या चावीबद्दल कायदा आता फार कडक झाला आहे, हे पालकांनी समजून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या मोटारीने दोन तरुण जीव घेतले, आणि सुरुवातीला त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. साऱ्या महाराष्ट्राने संताप केला. तो संताप योग्य होता. पण पुण्याच्या श्रीमंत बापावर संतापणारे आपण, आपल्या वाडीतल्या पोराने स्कूटर उडवली की "हुशार आसा हां, लवकर शिकलो" असे कौतुक करतो. मोटार परदेशी आणि स्कूटर गावठी, एवढ्या फरकाने न्याय बदलत नाही.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय आपल्याला फार आवडतो: गतिरोधक घाला. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सिमेंटचा एक उंचवटा उभा राहतो, कधी रात्रीतून, कधी दोन घरांच्या भांडणातून. त्याला ना रंग, ना फलक. पावसात तो दिसत नाही. दुचाकीवाला उडतो, गरोदर बाईला रिक्षात कळ येते, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाची हाडे खिळखिळी होतात. भारतीय रस्ते महासभेने याचे माप फार पूर्वीच देऊन ठेवले आहे: १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, मध्ये उंची १० सेंटिमीटर, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी त्रास न होता पार होते. अलीकडे-पलीकडे फलक आणि पांढरे पट्टे. या मापाचा गतिरोधक शाळेसमोर, अंगणवाडीसमोर जरूर असावा. पण सगळा गाव गतिरोधकांनी भरून काढणे म्हणजे आपल्या शब्दाला किंमत नाही, म्हणून दगडाला बोलायला लावणे. दोन गतिरोधकांच्या मध्ये पुन्हा तीच धाव सुरू होते.

खरा उपाय ठरावाचा आहे. वाडीतल्या सगळ्या रस्त्यांना ताशी ३०, आणि शाळा, अंगणवाडी, देऊळ यांच्या समोर २०, असा ठराव ग्रामसभेने करावा. नुसत्या ठरावाने कायद्याची मर्यादा लागू होत नाही. म्हणून तो ठराव रस्त्यांच्या यादीसह जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, परिवहन आणि पोलीस खात्याकडे, आणि ग्रामीण मार्ग ज्यांच्या ताब्यात असतात त्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे द्यावा, आणि कलम ११२ खाली अधिसूचना मागावी. अर्ज एकदा देऊन गप्प बसू नये. आपल्याकडे नळपाणी योजनेसाठी जेवढ्या खेपा घालतो तेवढ्या घालाव्यात. खडी, वाळू आणि चिऱ्याच्या डंपरांना शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाडीतून बंदी हवी असेल, तर कलम ११५ आहे. खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाला घाई होणारच. त्याच्याशी रस्त्यात हुज्जत घालण्यापेक्षा खाणमालकाशी आणि कचेरीशी बोलावे.

कागद फिरत असताना गावाने हात बांधून बसू नये. महामार्गाच्या फाट्याला, जिथे चौपदरी संपून वाडी सुरू होते, तिथे डोळ्यांत भरेल अशी खूण करावी: दोन्ही बाजूंना चुना फासलेले चिरे, म्हणजे रस्ता अरुंद झाल्याचे लांबूनच कळते, आणि मोठा फलक. ज्याचा मेंदू अजून महामार्गावरच आहे त्याला तिथे जागे करायचे. पावसाळ्याआधी आणि श्रावण सरताना वळणांवरचे रान श्रमदानाने तोडावे. ज्याच्या कुंपणाचे झाड दृष्टीआड येते त्याने आपणहून छाटावे. रात्री चालणाऱ्याने बॅटरी घ्यावी, हेही खरे; पण ही सूचना शेवटची आहे, पहिली नव्हे.

आता विचारतील, मर्यादा पाळायला लावणार कोण? गावात दारूची बाटली तपासायला इन्सुलीचा उत्पादन शुल्काचा नाका जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. प्रत्येक वाडीत वेग तपासायला नाका बसणे कधीही शक्य नाही. बसूही नये. मर्यादा पाळली जाते, ती आपली आहे असे वाटल्यावरच. हाच सिंधुदुर्ग जिल्हा २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशांतल्या जिल्ह्यांत देशात पहिला आला. प्रत्येकाच्या मागे कुणी शिपाई घेऊन फिरले नव्हते. उघड्यावर जाणे ही लाज आहे, असे गावांना वाटू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय काही वर्षांत सुटली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने साऱ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावने रोज संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे ठरवले. या गावांकडे आपल्यापेक्षा जास्त पोलीस नव्हते.

विरोधही होईल, आणि तो होणे वाईट नाही. ब्रिटनमधल्या वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे आपल्या ३२ किलोमीटरवर आणली. तीस लाखांच्या त्या छोट्या देशात साडेचार लाखांहून अधिक सह्यांची विरोधी याचिका आली. सरकारलाही काही रस्त्यांबाबत पुनर्विचार करावा लागला. पण पहिल्या वर्षात अशा रस्त्यांवर मेलेल्या-जखमी झालेल्यांची संख्या सुमारे पाव हिश्श्याने घटली. आपल्याकडे ड्युटीला उशीर होतो म्हणणाऱ्या पोरांचे ऐकून घ्यावे. त्यांना सांगावे की वाडीतून बाहेर पडेपर्यंत दोन मिनिटे आधी निघा, पुढे चौपदरी आहेच. रुग्णवाहिकेचे काय, असे कुणी विचारेल. तिला वाट मोकळी मिळते ती बाकीचे सावकाश, कडेने चालतात तेव्हाच. आणि कुणी मर्यादा मोडली तर त्याला मारहाण नाही, गाडी फोडणे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या चार माणसांनी त्याच्या घरी जाऊन चहा घेत सांगावे. आपलाच असेल तर आधी सांगावे.

सर्वांत आधी मर्यादा पाळायची ती गावातल्या मान्यवरांनी. सरपंच, सदस्य, शिक्षक, दूध डेअरीचा टेम्पो, रिक्षा संघटना, चतुर्थीला येणारा प्रत्येक चाकरमानी. ज्याची गाडी मोठी त्याची जबाबदारी मोठी. पुढारी पन्नासने गेला की मागच्या पोराला साठची परवानगी मिळाली असे समजावे.

येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. महिलांची ग्रामसभा आधी होते. तिथेच तो पहिल्यांदा मांडावा, कारण रस्त्याचा खरा अनुभव तिथल्या खुर्च्यांवर बसलेला असतो. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. सूचक ज्याच्या दारात चारचाकी आहे तो असावा, आणि अनुमोदक जी रोज पायी चालते ती.